मानवी तस्करीतून सुटलेल्यांना ओळखायचं कसं, सांभाळायचं कसं: नागपुरात ट्रेनिंग घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे या विषयावरचं ट्रेनिंग म्हटलं की पहिल्या स्लाइडपासून लक्षणं सुरू होतात, मुलगी घाबरलेली असते, नजर चुकवते, अंगावर मारल्याच्या खुणा असतात वगैरे, मग जेवण, मग कायद्याची कलमं, मग ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रमच उलटा करायला पाहिजे. नर्सला, आशाताईला, शिक्षकाला, समुपदेशकाला आधी हे माहीत पाहिजे की समोरच्या मुलीने "मला इथून सोडवा" म्हटलं तर पुढच्या तासाभरात आपण नेमकं काय करणार, कोणाला फोन लावणार, ती रात्री कुठे झोपणार. हे माहीत नसताना लक्षणं शिकवली तर दोन गोष्टी होतात. एक तर माणूस ओळखूनही गप्प बसतो, कारण पुढे काय करायचं ते कळत नाही. किंवा मग घाईघाईत असं काही करतो की ती मुलगी आधीपेक्षा जास्त धोक्यात येते. म्हणून खालचा सगळा लेख शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलाय, ट्रेनिंगही तसंच घ्या.

कोणाला बोलवायचं

एका बॅचमध्ये पंचवीस-तीसच्या वर लोक नको, आणि एकाच खात्याचे तर अजिबात नको. सगळे डॉक्टर एका हॉलमध्ये आणि सगळे पोलीस दुसऱ्या हॉलमध्ये बसवले तर माहिती मिळते पण ओळख होत नाही, आणि हे काम ओळखीवर चालतं. मेडिकल, मेयो आणि डागा हॉस्पिटलच्या सिस्टर आणि मेडिकल सोशल वर्कर, वस्तीतल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, मनपा आणि जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, सखी वन स्टॉप सेंटर आणि भरोसा सेल (अत्याचार झालेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारी केंद्रं) यांचा स्टाफ, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅनेलवरचे वकील, रेल्वे सुरक्षा दलाचे (आरपीएफ) कर्मचारी, शहर पोलिसांच्या मानवी तस्करी विरोधी पथकातलं कोणीतरी, असा मिक्स गट करा. समाजकार्य कॉलेजांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पण घ्या, उद्या हेच लोक या खुर्च्यांवर बसणार आहेत. एचआयव्ही कार्यक्रमात देहविक्रीच्या वस्तीवर फिरणाऱ्या पिअर एज्युकेटर (त्याच वस्तीतल्या, इतरांना माहिती देणाऱ्या) बायकांना विसरू नका, नवीन आणलेली लहान मुलगी सगळ्यात आधी त्यांनाच दिसते.

पोलीस युनिफॉर्ममध्ये न येता साध्या कपड्यात आले तर बरं. आशाताई मोकळेपणाने बोलतात, हा फरक लगेच जाणवतो.

पहिला सेशन: भिंतीवरचा तक्ता

भिंतीवर मोठा कागद लावा आणि एकच प्रश्न टाका: शनिवारी रात्री नऊ वाजता डागा हॉस्पिटलमध्ये सोळा वर्षांची मुलगी सिस्टरला म्हणते की मला ज्या बाईने इथे आणलं ती माझी मावशी नाहीये. आता काय? प्रत्येकाने आपापल्या जागेवरून लिहायचं. पहिल्या दहा मिनिटात सगळे "पोलिसांना कळवू" एवढंच लिहितात. मग विचारत जायचं, कोणते पोलीस, कोणता नंबर, फोन कोण करणार, तोपर्यंत ती "मावशी" कुठे आहे, मुलगी कोणत्या खोलीत आहे, रात्री तिला कुठे ठेवणार, जेवण कोण देणार, तिच्याशी बोलणारी बाई कोण. इथे लोक अडखळतात आणि ते अडखळणं फार कामाचं आहे, हॉलमध्ये अडखळलेलं बरं.

तक्त्यावर हे नंबर येऊ द्या: मुलांसाठी १०९८, इमर्जन्सीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, रेल्वेत असाल तर १३९, मोफत वकिलासाठी विधी सेवेचा १५१००, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. पण हेल्पलाइन नंबरवर थांबू नका. प्रत्येक खात्यातल्या एका माणसाचा ऑफिसचा मोबाइल नंबर आणि तो नसेल तर दुसरा कोण, हे लिहून घ्या आणि तिथेच, हॉलमध्येच, सगळ्यांसमोर एकदा लावून बघा. बंद असलेले नंबर तिथेच कळतात.

या तक्त्यात कायद्याचे टप्पे बसवायचे. मुलगी किंवा मुलगा १८ च्या खालचा असेल तर बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती असेल तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टर असो, शिक्षक असो, समुपदेशक असो, "मी गुप्तता पाळली" हे उत्तर चालत नाही, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुलाला रात्री पोलीस स्टेशनला ठेवता येत नाही, जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तेही युनिफॉर्म न घालता. हे पोक्सोचं कलम २४. गंमत म्हणून नाही सांगत, हे पोलिसांनाही प्रत्येक बॅचला परत सांगावं लागतं.

हॉस्पिटलवाल्यांसाठी: बलात्कार, पोक्सो, अॅसिड हल्ल्याच्या पीडितांवर सरकारी काय आणि प्रायव्हेट काय, कोणत्याही हॉस्पिटलने फुकट आणि ताबडतोब उपचार करायचे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) कलम ३९७. एफआयआर आणा मग बघू असं म्हणता येत नाही. एचआयव्हीपासून बचावाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे, त्यामुळे कागदपत्रांच्या मागे लागून तो वेळ घालवू नका. टू-फिंगर टेस्ट (बलात्काराच्या केसमध्ये योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) बंद म्हणजे बंद, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. बलात्कार पीडितांच्या वैद्यकीय तपासणीच्या दर्जाबद्दलची जनहित याचिका आपल्या नागपूर खंडपीठात, सेवाग्रामच्या न्यायवैद्यक डॉक्टरांच्या अभ्यासावरून झाली होती, हे विदर्भातल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, विषय दूरचा वाटत नाही मग.

दुसरा सेशन: सोडवल्यानंतरचे दिवस

यावर निम्मा दिवस द्या. बहुतेक ठिकाणी याला दहा मिनिटं मिळतात आणि तिथेच सगळं फिसकटतं.

सुटका झालेली मुलगी आनंदी असेलच असं नाही. ती चिडलेली असते, शेल्टरमध्ये भांडते, ज्याने विकलं त्याच माणसाला फोन लावायला मागते, आज एक सांगते उद्या दुसरं. नवीन स्टाफला वाटतं ही खोटं बोलून राहिली. ट्रेनिंगमध्ये हे नीट समजावून सांगायचं की खूप दिवस भीतीत राहिलेल्या माणसाची आठवण तुकड्या-तुकड्यात येते, तारखा मागेपुढे होतात, काही भाग येतच नाही, आणि ज्याच्या हातात आपलं जेवण-झोप-मार सगळं होतं त्याच्याबद्दल ओढ राहणं हेही त्याच भीतीतून येतं. जबाब बदलला म्हणून केस खोटी, हा निष्कर्ष कोणी काढायचा नाही. आणि "पळून का नाही गेलीस?" हा प्रश्न तर कोणीच, कधीच विचारायचा नाही, वकिलाने पण नाही. त्या प्रश्नात चूक तिची होती असं आधीच ठरलेलं असतं.

मग रोजच्या गोष्टी. तिचे कपडे, सॅनिटरी पॅड, मोबाइल कोणाजवळ, घरी फोन करायचाय का नाही करायचा, जेवणात काय खाते. शेल्टरमध्ये तिने किती वेळा तीच कहाणी सांगायची? पोलिसांना एकदा, डॉक्टरला एकदा, समितीला एकदा, संस्थेच्या काउन्सेलरला एकदा, मॅजिस्ट्रेटसमोर एकदा, असं करता करता ती मुलगी बोलणंच बंद करते. एक केस वर्कर ठरवा, ती सगळीकडे सोबत जाईल, आणि आधीचा कागद पुढच्याला देईल म्हणजे परत पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.

प्रौढ बाईच्या बाबतीत वेगळं आहे. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६ खाली तिला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, कलम १७ मध्ये चौकशीसाठी ताब्यात ठेवायची कमाल मुदत तीन आठवडे आहे, त्यानंतर संरक्षण गृहात पाठवायचा आदेश होऊ शकतो. पण मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२० मध्ये अशाच तीन तरुणींना सोडताना सांगितलं की प्रौढ बाईला तिच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने १९ मे २०२२ च्या आदेशात स्वखुशीने देहविक्री करणाऱ्या प्रौढ बायकांना पोलिसांनी त्रास देऊ नये हे सांगितलं. नागपुरात गंगा-जमुना ही देहविक्रीची वस्ती आहे, तिथे २०२१ मध्ये पोलिसांनी रस्ते बंद केले तेव्हा काय वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल. ट्रेनिंगमध्ये हा विषय टाळू नका. वस्तीतली प्रत्येक बाई तस्करीची बळी आहे असं धरणं चूक, आणि तिथे आहे म्हणजे स्वखुशीनेच असं धरणं त्याहून चूक. तिला एकटीला, दबावाशिवाय विचारावं लागतं, एवढाच मार्ग आहे.

पैशाचं पण याच सेशनमध्ये. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आरोपी सापडला नसेल तरी करता येतो, शिक्षा व्हायची वाट बघायची नाही. महाराष्ट्रात मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, बलात्कार, बालकांवरचे अत्याचार, अॅसिड हल्ला यासाठी. वेठबिगारीतून सुटलेल्यांना तहसील-एसडीओ-कलेक्टर मार्गे मुक्तता प्रमाणपत्र मिळायला पाहिजे, केंद्राच्या २०१६ च्या योजनेत तातडीची रोख मदत आहे, आता ती ३० हजारांपर्यंत, आणि पुढे पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलाला २ लाख, फारच गंभीर केस असेल तर ३ लाख. मोठी रक्कम खटल्याशी जोडलेली आहे, त्यामुळे ते प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात मागा. ते नसलं की माणूस चार महिन्यांनी परत त्याच ठेकेदाराकडे उचल घ्यायला जातो, कारण घरी खायला काही नसतं.

तिसरा सेशन: बोलायचं कसं

हे लेक्चरने येत नाही, दोघा-दोघांना बसवून करून घ्या. एक सिस्टर होते, दुसरी मुलगी, तिसरी सोबत आलेली "मावशी".

पहिलं काम, सोबतच्या माणसाला बाजूला करणं, आणि तेही शंका न येऊ देता. "तपासणीच्या वेळी नातेवाईक बाहेर थांबतात, सगळ्यांनाच हाच नियम आहे, तुम्ही तोवर केसपेपर काढून या" एवढं पुरे. हा नियम खरंच सगळ्यांना लावला तरच चालतो. सोबतच्या माणसाला कधीच दुभाषी करू नका. नागपुरात छत्तीसगडी, बंगाली, तेलुगू, ओडिया बोलणाऱ्या मुली येतात, तुमच्याच स्टाफमध्ये यातली भाषा कोणाला येते त्याची यादी करून ठेवा. वॉर्डातली आया छत्तीसगडची असते बरेचदा, पण तिलाही गुप्ततेचं दोन शब्द सांगितल्याशिवाय मध्ये बसवू नका.

प्रश्न साधे, रोजचे. राहायला कुठे आहेस, सोबत कोण कोण असतं? बाहेर जायचं झालं तर कोणाला विचारावं लागतं? कामाचे पैसे तुझ्या हातात येतात का? आधार कार्ड कोणाजवळ आहे? घरी आईशी शेवटचं कधी बोललीस, बोलताना बाजूला कोणी असतं का? आज इथून परत तिकडे जायची भीती वाटते का? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो विचारून गप्प बसायचं. लोकांना गप्प बसणं जमत नाही, प्रॅक्टिसमध्ये हेच सगळ्यात जास्त वेळा करून घ्यावं लागतं.

खोटं आश्वासन देऊ नका. "मी कोणालाच सांगणार नाही" असं १८ खालच्या मुलीला म्हणायचंच नाही, कारण कायद्याने सांगावं लागणार आहे आणि मग तिचा विश्वास कायमचा जातो. त्याऐवजी "तू जे सांगशील ते मी फक्त तुला मदत करायला लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन".

ती नाही म्हणाली तर? प्रौढ असेल आणि आज नको म्हणत असेल तर जबरदस्ती नाही, वैद्यकीय तपासणीलाही ती नकार देऊ शकते, तो नकार नीट लिहून ठेवायचा, उपचार तरीही करायचे. पोलिसांना कळवायची हॉस्पिटलची जबाबदारी कुठे लागू होते ते विधी सेवेच्या वकिलाकडून याच सेशनमध्ये समजून घ्या. नंबर द्यायचा तर पत्रक देऊ नका, ते पर्समध्ये सापडलं तर मार पडतो. बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठीत १८१ लिहिता येतं, तोंडपाठ करून घेता येतं. "परत ड्रेसिंगला गुरुवारी ये" हे पण मोठं काम आहे, परत भेटायचं कारण मिळतं.

आता लक्षणं

इथपर्यंत आलं की मग लक्षणं शिकवा, आणि जागेप्रमाणे शिकवा. एकच यादी सगळ्यांना देऊ नका.

हॉस्पिटलमध्ये: दुसरंच कोणीतरी सगळी उत्तरं देतं, सांगितलेलं वय आणि शरीर जुळत नाही, राहायचा पत्ता सांगता येत नाही, जुन्या जखमांवर उपचारच झालेले नाहीत, परत परत गर्भपात किंवा गुप्तरोग. ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं ती गोष्ट म्हणजे रजिस्टर, वेगवेगळ्या मुलींच्या केसपेपरवर एकच मोबाइल नंबर आणि एकच पत्ता येत असेल तर ते फक्त केसपेपर काढणाऱ्या क्लार्कलाच दिसतं. म्हणून क्लार्कलाही ट्रेनिंगला बोलवा. उलट, आधारवर १ जानेवारी जन्मतारीख आहे यावरून काहीच ठरवू नका, गरिबाघरच्या कितीतरी माणसांची तीच लिहिलेली असते. वयाचा वाद झाला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम आहे, आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, नसेल तर मनपा-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी.

वीटभट्टीवर: दिवाळीनंतर ठेकेदार उचल देऊन जोडपी आणतो, कामाचा हिशोब पावसाळ्याच्या तोंडावर, तोपर्यंत आठवड्याला फक्त खर्ची (खाण्यापुरते पैसे). आजारी पडलं, घरी मयत झाली तरी "हिशोब झाल्याशिवाय जाता येत नाही" हे वाक्य ऐकू आलं की आशाताईने कान टवकारायचे. लसीकरणाला गेल्यावर हे सहज कळतं. बायका-मुलांच्या नावाची मजुरी वेगळी लागते का हेही विचारावं.

गावातल्या शाळेत: नववी-दहावीतली मुलगी अचानक यायची बंद होते, लग्न ठरलं म्हणतात, नवऱ्याकडचे राजस्थान-हरियाणा-मध्य प्रदेशातले, हुंडा नको उलट खर्च तेच करतात, मध्ये एक ओळखीची बाई आहे, आणि मुलाचं गाव कोणीच पाहिलेलं नाही. शिक्षकाने एवढे चार प्रश्न विचारले तरी बरंच कळतं. लग्न १८ च्या आत असेल तर १०९८ आहेच.

तरुण मुलांचं वेगळंच चाललंय, डेटा एंट्रीच्या नोकरीचं सांगून थायलंडमार्गे म्यानमार-कंबोडियाला नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यात बसवतात. असा परत आलेला मुलगा आरोपीसारखा वागवला जातो, पण पासपोर्ट काढून घेतला होता का, मारहाण होती का, सुटायला पैसे मागितले का हे विचारल्याशिवाय शिक्का मारू नका. पुरुष, मुलगे, तृतीयपंथी यांच्याबद्दल हॉलमध्ये कोणीच बोलत नाही, तुम्ही मुद्दाम बोला.

आणि स्टेशन. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई दोन्ही लाइन नागपुरात मिळतात, त्यामुळे इथून मुलं नेणं सोपं जातं. आधी लक्ष जातं ते हमाल, सफाईवाले, चहावाल्यांचं. एकाच माणसासोबत बरीच मुलं, सगळ्यांचं पाठ केलेलं एकच उत्तर, तिकिटं त्याच्याच खिशात, हे विचारण्यासारखं नक्कीच आहे. पण इथे मी प्रत्येक वेळी मे २०२३ ची केस सांगायला सांगते: दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली, मदरशात शिकायला चालली होती, सोबतच्या शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा लागला, त्यांना कोठडीत राहावं लागलं, मुलं बालगृहात राहिली, आणि पुढे रेल्वे पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून केस बंद केली. टोपी, भाषा, जात, गरिबी ही लक्षणं नाहीत. शंका आली तर घरच्यांना फोन, संस्थेला फोन, कागद बघणं, आणि तोवर मुलांशी प्रेमाने वागणं. हेही ट्रेनिंगचाच भाग आहे आणि मला तर हा सगळ्यात गरजेचा वाटतो.

कायदा: एक तास, जास्त नाही

भारतीय न्याय संहिता (बीएनएस) कलम १४३, आधीचं आयपीसी ३७०. तीन तुकडे समजले की झालं: काय केलं (भरती, ने-आण, आसरा, ताब्यात देणं-घेणं), कसं केलं (धमकी, जबरदस्ती, पळवणं, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, आमिष), कशासाठी केलं (शोषण, त्यात आता भीक मागायला लावणंही आलं). पीडिताची संमती होती का नव्हती याला या कलमात महत्त्व नाही. पॅलेर्मो प्रोटोकॉल (मानवी तस्करीविरोधी संयुक्त राष्ट्रांचा करार) २००० चा, भारताने २०११ ला मान्य केला, त्यात १८ खालच्यांसाठी "कसं" हे बघायचीही गरज नाही. सीमा ओलांडावी लागते हा गैरसमज काढा, कामठीची मुलगी इतवारीत ठेवली तरी तस्करीच. नाव, फोटो, शाळा, वस्ती काहीही बाहेर जाता कामा नये, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि बीएनएसचं ७२. व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आज एक मुलगी रेस्क्यू केली" म्हणून चेहरा झाकून फोटो टाकणंही बंद करा, गावातले लोक कपड्यावरून ओळखतात.

सर्व्हायव्हरला स्टेजवर बोलवायचं का

तिची कहाणी ऐकवायला, लोकांच्या डोळ्यात पाणी आणायला बोलवायचं असेल तर नको. ती स्वतः यायला तयार असेल, ट्रेनर म्हणून, काय बोलायचं तिने ठरवलेलं असेल, इतरांना देता तेवढंच मानधन तिलाही देणार असाल, प्रश्न आधी लिहून घेणार असाल, तर जरूर. शेल्टरमध्ये काय खटकलं, कोणत्या सिस्टरचं कोणतं वाक्य बरं वाटलं, हे तिच्याइतकं नीट कोणीच सांगू शकत नाही. हॉलमध्ये बसलेल्यांमध्येही कोणी यातून गेलेलं असू शकतं, म्हणून सुरुवातीलाच सांगा की मध्येच उठून बाहेर जायला हरकत नाही, आणि बाहेर एक समुपदेशक बसवा.

स्टाफचंही बघा. रोज असं ऐकून माणूस थकतो, झोप जाते, घरी चिडचिड होते. महिन्यातून एकदा केस वर्करांनी आपसात बसून बोलायचा तास ठेवा आणि तो ड्यूटीच्या वेळेत धरा, सुट्टीच्या दिवशी नको.

महिन्याभराने

त्याच लोकांना दोन तासांसाठी परत बोलवा, परीक्षा घ्यायला नाही, तर मधल्या काळात कोणाला शंका आली, फोन लावला का, कोणी उचलला, कुठे अडकलं, एवढंच बोलायला. नाव-गाव न घेता. कुठे अडकलं ते त्या खात्याच्या माणसाला तिथेच सांगा, तो समोर बसलेला असतो. तक्त्यावरचे नंबर परत लावून बघा. मे-जूनमध्ये बदल्या होतात तेव्हा निम्मे नंबर बदलतात, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवीन तक्ता काढून ओपीडीत, स्टाफरूममध्ये, चौकीत नेऊन लावायचा, आणि बदलून आलेल्या नवीन माणसाला पुढच्या बॅचमध्ये पहिलं नाव द्यायचं.